अडीच वाजायच्या आधी

मार्च 2024

बंगळुरूच्या डीलरकडून पोर्शे टायकन ही विजेवर चालणारी गाडी पुण्याला येते. तिच्यावर कर्नाटकातली तात्पुरती नोंदणी आहे. अशी गाडी रस्त्यावर आणायला एकच कारण चालतं: आरटीओत नेणं आणि तिथून परत आणणं. गाडी पुण्याच्या आरटीओत जाते, तपासणी होते आणि फी बाकी असल्याचं निघतं. रक्कम 1,758 रुपये. भरून या, असं मालकाला सांगितलं जातं. फी भरली जात नाही.

याच गाडीच्या धडकेत 19 मेच्या पहाटे कल्याणीनगरात दोघांचा जीव गेला. राज्याचे तेव्हाचे परिवहन आयुक्त विवेक भीमनवार यांनी हा तपशील त्या अपघातानंतर जाहीर केला, तेव्हा लोक त्या आकड्यावरच अडले. एवढी महागडी गाडी आणि पावणेदोन हजार रुपये! माझं लक्ष दुसरीकडे जातं. मार्चपासून मेपर्यंत ही गाडी कायमच्या नंबराविना पुण्यात होती. आपल्या चौकांत आता कॅमेरे आहेत. सिग्नल तोडला, हेल्मेट नसलं तर चलान मोबाइलवर येतं. पण कॅमेऱ्याचा सगळा भरवसा नंबरप्लेटवर. प्लेटच नसेल तर चलान पाठवणार कुणाला? अशी गाडी माणसालाच अडवावी लागते. कुणीतरी हात वर करून ती बाजूला घ्यायला सांगायला हवी होती.

11 ते 13 मे

पुण्यात 13 मे रोजी लोकसभेचं मतदान आहे. निवडणूक कायद्याप्रमाणे मतदान संपेपर्यंतचे 48 तास दारूविक्री बंद. शहरातला प्रत्येक बार, प्रत्येक परमिट रूम, प्रत्येक वाइन शॉप घड्याळ लावून बंद होतं. नाक्यानाक्यावर गाड्या तपासल्या जातात, डिक्या उघडल्या जातात.

या नोंदीचा अपघाताशी थेट संबंध नाही. तरी ती इथं हवी. पुढं अनेक तोंडांनी ऐकू आलं की एवढ्या मोठ्या शहरात प्रत्येक पबवर आणि प्रत्येक रस्त्यावर लक्ष कसं ठेवणार? अपघाताच्या सहाच दिवस आधी याच यंत्रणेनं ते ठेवलं होतं.

शनिवार, 18 मे, संध्याकाळ

मे महिन्याची सुट्टी. बारावी पास झालेला, वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायला चार महिने बाकी असलेला एक मुलगा मित्रांबरोबर निकाल साजरा करायला बाहेर पडतो. त्याचं नाव मी लिहिणार नाही, कायद्यानं ते लिहिता येत नाही. जाताना तीच गाडी आहे.

या संध्याकाळपाशी थोडं थांबायला हवं, कारण घरातून चावी बाहेर जाणं हा या घटनाक्रमातला सगळ्यात सहज अडवता येणारा क्षण होता. तिथं पोलीस लागत नव्हते, मशीन लागत नव्हतं. मोटार वाहन कायद्यात 2019 साली सुधारणा झाली आणि 199अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षं होईपर्यंत लायसन नाही. यापेक्षा स्पष्ट कायदा लिहिता येणार नाही.

आणि तरीही पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुट्टीच्या दिवसांत उभं राहून बघा. सुरुवात गेटच्या आतल्या फेरीपासून होते. मग कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत. मग क्लासपर्यंत, कारण क्लास दोनच किलोमीटरवर आहे आणि आईला ऑफिसला उशीर होतोय. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं. तशा पेट्रोलच्या गाड्या आता शोरूममध्ये मिळत नाहीत, म्हणजे पोराच्या हाती जाते ती 110 किंवा 125 सीसीची. आईवडिलांना हे माहीत असतं. कौतुकही असतं, 'चांगली चालवतो तो.' पोर्शे असलेली घरं थोडी आहेत. मुलाला सांभाळून जा एवढंच सांगून चावी देणारी घरं मात्र गल्लोगल्ली आहेत आणि त्यातली बरीचशी या प्रकरणावर सर्वात जास्त चिडलेली होती. हा राग खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण तो राग आपल्या दाराआडच्या खुंटीपर्यंत पोहोचला असता, तर जून महिन्यात पुण्यातल्या कॉलेजांबाहेरच्या गाड्या कमी झाल्या असत्या.

पोलिसांनी नंतर सांगितलं की कुटुंबाचा पगारी चालकही त्या रात्री सोबत होता. म्हणजे गाडी चालवायला लायसनवाला माणूस हजर होता.

रात्री 10:40

मुंढव्यातलं एक रेस्टॉरंट. पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी नंतर पत्रकारांना जी माहिती दिली, तिच्याप्रमाणे मुलगा आणि त्याचे मित्र रात्री 10:40 वाजता इथं आले. तिथलं बिल 48 हजार रुपये. मद्यपान करतानाचं सीसीटीव्ही चित्रीकरण हाती असल्याचंही पोलिसांनी सांगितलं.

महाराष्ट्रात कडक दारू पिण्याचं किमान वय 25 आहे. इतकंच काय, 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना नाममात्र शुल्कात तिथल्या तिथंच मिळतो. त्यावर कुणाचं नाव पडतं हे ना देणारा बघतो ना घेणारा. वय पाहण्याची म्हणून जी पद्धत कायद्यात आहे, ती कागद फाडण्यापुरती उरली आहे.

एका टेबलाभोवती रात्रभर किती माणसं वावरतात ते मोजलं की मन विषण्ण होतं. दारावर बाउन्सर. आत नाव लिहून घेणारी व्यक्ती. ऑर्डर घेणारा कॅप्टन. ग्लास आणणारा वेटर. बारमागे उभा असलेला माणूस. बिल छापणारा कॅशिअर. या सगळ्यांवर मॅनेजर. यांतला प्रत्येक जण रोज शेकडो चेहरे बघतो आणि सतराअठरा वर्षांचा चेहरा ओळखायला त्याला आधार कार्ड लागत नाही. तरीही 'कार्ड दाखव' म्हणण्याची हिंमत वेटर करणार नाही. बिलाचा आकडा वाढवणाऱ्या टेबलाशी भांडून त्याला नोकरी घालवायची नसते. म्हणून हे काम वेटरच्या अंगावर टाकून चालत नाही. ते परवान्याच्या अटीत हवं आणि परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्या खिशाला लागायला हवं.

रात्री 12:10

पहिल्या ठिकाणी दारू देणं थांबल्यावर मंडळी तिथून निघतात. दुसरं ठिकाण जवळच, एका मोठ्या हॉटेलातलं. तारीख बदलली आहे, रविवार उजाडायला अवकाश आहे.

पहिल्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना गाडी रस्त्यावर आली. हे अंतर थोडं आहे, पण ते शनिवारी मध्यरात्री मुंढवा-कोरेगाव पार्क पट्ट्यात कापलं गेलं. पुण्यात दारूच्या नशेत गाडी चालवणाऱ्यांना शोधायचं असेल, तर उभं राहायला याहून योग्य जागा आणि वेळ दुसरी नाही. दोन पबांच्या मधला रस्ता, आणि त्या रस्त्यावर नंबर नसलेली, दोन टनांहून जड, जिच्याकडे चारदा वळून बघावं अशी गाडी.

पहाटे 1:30

पुण्यात पब बंद करायची वेळ दीडची. शहरातले सगळे पब एकाच वेळी आपली गर्दी रस्त्यावर ओततात. परिणामी पुढचा तासभर हा पुण्याच्या रस्त्यावरचा सगळ्यात धोक्याचा तास. बाहेर पडणारा माणूस प्यायलेला आहे, रस्ता मोकळा आहे, सिग्नल पिवळ्या उघडझापीवर आहेत.

आणि घरी जायचं कसं? मेट्रो त्या काळात रात्री दहाला बंद व्हायची. पीएमपीच्या रातराणी बस मोजक्या मार्गांवर, स्टेशन, स्वारगेट, कात्रज अशा. रिक्षावाला त्या वेळी मीटर टाकत नाही, कॅबचे दर चढलेले. शहर रात्री दीडपर्यंत दारू विकायला मुभा देतं आणि घरी नेणारी शेवटची मेट्रो मात्र तेव्हा साडेतीन तास आधी रवाना झालेली असायची. मुंबईत 31 डिसेंबरच्या रात्री मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात. पुण्यात त्याच रात्री फर्ग्युसन रस्ता आणि कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता वाहनांना बंद होतो. चालणाऱ्यांसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण बंद रस्त्याच्या टोकाशी लावलेल्या स्वतःच्या बाइककडे परत येणाऱ्या पोराला दुसरी सोय काय?

प्यायला असशील तर चालवू नकोस, हे सांगणं मला मान्य आहे. सांगणाऱ्यानं पर्यायही उभा करावा, एवढीच अपेक्षा आहे.

1:30 ते 2:30

या तासातल्या मिनिटामिनिटाची नोंद माझ्याकडे नाही. एक गोष्ट मात्र नकाशा सांगतो. मुंढवा आणि कोरेगाव पार्क मुळा-मुठेच्या दक्षिणेला आहेत, कल्याणीनगर उत्तरेला. या पट्ट्यात नदी ओलांडायला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे पूल आहेत: बंडगार्डनजवळचे, कोरेगाव पार्क ते कल्याणीनगर, आणि मुंढवा ते खराडी. गाडी कुठल्याही गल्लीबोळातून गेली असो, तिला यांतल्या एखाद्या पुलावर यावंच लागलं.

रात्री अडीचच्या सुमारास

कल्याणीनगर-विमानतळ रस्ता. मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही 24 वर्षांचे, मित्रमंडळींना भेटून मोटरसायकलवरून परत निघाले आहेत. भरधाव आलेली टायकन मागून त्यांना धडकते. दोघांचाही मृत्यू होतो.

पुण्यात अशी लाखो मुलं आहेत. हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात काम करतात, तिघं-चौघं मिळून फ्लॅट भाड्यानं घेतात, शनिवारी रात्री भेटतात, दर महिन्याला घरी पैसे पाठवतात. बुलडाण्याहून येतात, नांदेडहून येतात, जबलपूरहून येतात. या शहराची निम्मी श्रीमंती त्यांच्या पगारांवर उभी आहे. आपण त्यांना 'बाहेरची पोरं' म्हणतो आणि रात्रीचा रस्ता त्यांच्या नशिबावर सोडतो.

गाडीचा नेमका वेग किती होता यावर बरेच आकडे फिरले. मी त्यातला एकही इथं लिहीत नाही. साधं गणित पुरेसं आहे. ताशी 50 किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढं जाते, ताशी 100 नं जाणारी 28 मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत शुद्धीवरच्या माणसालाही सेकंद-दीड सेकंद लागतो. म्हणजे शंभरच्या वेगात ब्रेक दाबायच्या आधीच 40 मीटरपर्यंत अंतर संपलं. दारूनं हा वेळ वाढतो. वेग दुप्पट झाला की धडकेची शक्ती चौपट होते. टायकनसारखी गाडी शून्यावरून शंभरला पाच-सहा सेकंदांत जाते, कल्याणीनगरच्या दोन गतिरोधकांमधल्या अंतरात. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, महाराष्ट्रात 15 हजारांहून जास्त. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात 70 टक्क्यांच्या आसपास मृत्यूंच्या पुढं कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. देशात तासाला 19 माणसं. या घटनाक्रमातल्या प्रत्येक तासालाही तितकीच.

पहाटे 3 च्या पुढे

जमलेल्या लोकांनी मुलाला पकडलं, मारलं आणि पोलिसांच्या हवाली केलं. येरवडा पोलीस ठाणे जवळच आहे.

इथून पुढचे तास माझ्या मते अपघाताइतकेच भीषण आहेत. शरीरातली दारू वेळेबरोबर उतरते. साधारण हिशेबानं रक्तातल्या दर 100 मिलिलिटरमागे तासाला सुमारे 15 मिलिग्रॅम दारू कमी होते. माणसागणिक फरक पडतो, पण थांबत कुणासाठीच नाही. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम आहे. आता गणित करा. अपघाताच्या वेळी एखाद्याच्या रक्तात मर्यादेच्या चौपट दारू असली, तरी आठ-साडेआठ तासांनी तिचा मागमूसही उरणार नाही. म्हणून तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 मध्ये म्हटलं आहे की नशेत गाडी चालवल्याबद्दल अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागेल. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की इथं घड्याळ आरोपीच्या बाजूनं चालतं.

सकाळी 11

ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना घेतला जातो. अपघाताला साडेआठ तास झालेले आहेत.

पोलिसांनी पुढं केलेला आरोप असा की हा नमुना कचऱ्यात टाकला गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्याचं रक्त ठेवलं गेलं. त्याच संध्याकाळी औंधच्या रुग्णालयात आणखी एक नमुना घेण्यात आला होता. दोन्हींचा डीएनए जुळला नाही, तेव्हा हे उघड झालं. 27 मे रोजी ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. हे आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. साडेआठ तासांचा उशीर मात्र सिद्ध करावा लागत नाही. तो नोंदीत आहे.

ससून हे ब्रिटिश काळापासून गोरगरिबांचं रुग्णालय. पश्चिम महाराष्ट्रातून माणसं तिथं येतात, अपघातातली तर रोजच. अशा ठिकाणच्या एका कागदावरचा विश्वास उडाला, की त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक अपघाताच्या खटल्यात बचावाचा वकील त्या दिवसाचं नाव घेणार. हे नुकसान कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

रविवार, 19 मे, दिवसा

बाल न्याय मंडळासमोर मुलाला हजर केलं जातं. जामीन मिळतो. अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम. या निबंधावर देशभर संताप उसळला. पुढच्या नोंदी भराभर येतात: 21 मे रोजी वडिलांना छत्रपती संभाजीनगरात अटक, त्याच दिवशी जिल्हाधिकारी सुहास दिवसे यांच्या आदेशानं दोन्ही ठिकाणांना टाळं, 22 मे रोजी मंडळाकडून मुलाची बालनिरीक्षणगृहात रवानगी, 24 मे रोजी नियंत्रण कक्षाला न कळवल्याबद्दल येरवड्याचे दोन पोलीस अधिकारी निलंबित, 25 जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं मुलाची सुटका. त्याला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळानं जुलै 2025 मध्ये फेटाळली.

बहुतेक लोकांच्या आठवणीत हे प्रकरण निबंधापासून सुरू होतं. शिक्षेचा मुद्दा माझ्याही जिवाला लागतो. पण निबंधावर झालेल्या चर्चेचा दहावा हिस्सासुद्धा शनिवारी मध्यरात्री बारा ते अडीच या अडीच तासांच्या वाट्याला आला नाही. ती दोन मुलं वाचली असती तर या तासांत वाचली असती. शिक्षा कितीही कडक झाली, तरी ती रविवारी दुपारी सुरू होते.

रविवार, 23 जून 2024

पाच आठवडे उलटले. मधल्या काळात महापालिकेनं कोरेगाव पार्क आणि मुंढव्यात बेकायदा बांधकामं पाडली, उत्पादन शुल्क खात्यानं परवाने निलंबित केले. आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका हॉटेलात रात्री दीडनंतर सुरू झालेली पार्टी पहाटे पाचपर्यंत चालल्याचं उघड झालं. पुन्हा निलंबनं, पुन्हा टाळी. मोहीम संपली की शहर किती लवकर पूर्वपदावर येतं, याचा हिशेब म्हणून ही तारीख लक्षात ठेवावी.

22 डिसेंबर 2024 ची रात्र

नाताळला तीन दिवस बाकी. अमरावतीकडून बांधकामावर मजुरीसाठी आलेली काही कुटुंबं वाघोलीत, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपली आहेत. मध्यरात्रीनंतर एक डंपर फुटपाथवर चढतो. तीन जण ठार, त्यांत एक वर्षाची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि बावीस वर्षांचा तरुण. सहा जण जखमी. डंपरचालक दारू प्यायलेला असल्याचं पोलिसांनी सांगितलं. समोरच पोलीस चौकी होती.

या वेळी गाडी महागडी नव्हती, चालवणारा श्रीमंताचा मुलगा नव्हता, पबचा संबंध नव्हता. म्हणूनच या अपघाताच्या बातम्या चार दिवसांत ओसरल्या आणि म्हणूनच मला तो इथं लिहायचा आहे. कल्याणीनगरचं प्रकरण आपण श्रीमंतीचा माज म्हणून वाचलं. तो होताच. पण पैसा बाजूला काढला तरी जे उरतं ते वाघोलीत दिसतं: नशेतला चालक, अवजड गाडी, मोकळा रस्ता, आणि गाडी निघाल्यापासून धडकेपर्यंत तिला कुणीही न अडवणं. डंपरचालक कामावर चढताना त्याच्या तोंडाचा वास मुकादमाला आला नसेल? एसटीच्या आगारात चालकाच्या हातात गाडी देताना हे बघायची पद्धत आहे. खासगी डंपर, टँकर, मिक्सर यांना ती लागू का नसावी?

येणारा डिसेंबर

दरवर्षी 31 डिसेंबरला पुणे पोलीस रस्त्यावर उतरतात. ब्रेथ ॲनालायझर बाहेर निघतात, चौकाचौकांत नाकाबंदी लागते, दुसऱ्या दिवशी पेपरात तळीरामांवरच्या कारवाईचे आकडे येतात. त्या रात्री पोलीस कुडकुडत उभे असतात, घरी त्यांची मुलंही वाट बघत असतात, आणि त्यांच्यामुळे माणसं वाचतात हे मी मनापासून मानतो. पण पिणाऱ्यालाही ही रात्र माहीत झाली आहे. तो 31 ला कॅब करतो आणि 28 ला स्वतः चालवतो. कल्याणीनगरचा अपघात मे महिन्यातल्या एका साध्या शनिवारी झाला. वाघोलीचा रविवारी रात्री.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं यावर 1982 साली उत्तर काढलं. 17 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या तोंडावर, तिथं सरसकट श्वासचाचणी सुरू झाली. पोलीस कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही वेळी, कुठल्याही चालकाला थांबवून फुंकर मारायला सांगू लागले. वळणावळणानं गाडी चालवतोय का, संशय येतोय का, याची गरज नाही. पुढच्या वर्षी राज्यातले रस्त्यावरचे मृत्यू पाचव्या हिश्श्याहून जास्त घटले. शिक्षा वाढवून एवढा फरक पडला नव्हता. आज आपल्याला थांबवतील, ही खात्री प्रत्येकाच्या मनात बसली, त्यानं पडला. तिथं ही चाचणी त्या डिसेंबरनंतर बंद झाली नाही. आता नाताळ, ईस्टर आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या दिवसांत लायसनवर चढणारे काही गुन्ह्यांचे गुण दुप्पट होतात, ती तारीख आधी जाहीर केलेली असते आणि लोक कॅलेंडरवर ती बघून ठेवतात.

पुण्यात याची सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. संशयाला रास्त कारण असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 203 पोलिसांना श्वासचाचणीचा अधिकार देतं. लागतील ती माणसं, आणि तीही फार नाहीत, कारण नदीनं अर्धं काम करून ठेवलं आहे. बंडगार्डनजवळचे पूल, कोरेगाव पार्क-कल्याणीनगर पूल, मुंढवा-खराडी पूल. प्रत्येक शुक्रवारी आणि शनिवारी रात्री साडेबारा ते साडेतीन. दोन्ही दिशांना, प्रत्येक गाडी, नंबर असलेली आणि नसलेली, बाइक, कार, डंपर. सुट्ट्या जोडून आल्या की रविवारीही. पॉझिटिव्ह निघालेल्याला तिथूनच ससूनला न्यायचं आणि रक्ताचा नमुना घेतल्याची वेळ तिथल्या तिथं नियंत्रण कक्षात नोंदवायची, दोन तासांच्या आत. पीएमपीनं त्याच तीन तासांत कोरेगाव पार्कहून स्टेशन, खराडी आणि विमाननगरकडे दर वीस मिनिटांनी एक बस सोडायची, तिचं वेळापत्रक प्रत्येक पबच्या दारावर लावायचं आणि परवान्याच्या अटीत ते घालायचं.